कोपरा

वादी कबीरच्या फर्निचर कारखान्यात
माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात
सात वह्या होत्या.
पहिली सावंतवाडीहून आणलेली,
बाकीच्या रुवीच्या बाजारातल्या.
त्यांत खुर्च्या होत्या, एकीलाही चौथा पाय नव्हता.
तीन पाय काढले की चौथा कसा असेल ते कळतंच,
आणि कळलं की माझा हात कागदावरून उठायचा.

दिवसा मी लोकांची कपाटं काढत असे.
बिजागरी, फळी, अठरा मिलिमीटर, पुढचं कपाट.
खालच्या चौकटीत ‘रेखाटन’ या शब्दापुढे
कंपनीचं नाव.
नऊ वर्षं.

माझ्यानंतर आलेल्या रोमेलकडे एकच कल्पना होती,
चपला ठेवायचं बाकडं.
पण ते बाकडं होतं.
त्याच्यावर बसता यायचं.
वर्षभरात तो सोहारला गेला, दीडपट पगारावर.
मी जळले. मग वह्या मोजल्या.
मग पुन्हा जळले.

सीबच्या एका दवाखान्याला
बसायच्या खोलीत लाकडी जाळी हवी होती.
पाचव्या वहीतलं पान मी फाडून नेलं:
आठ टोकांच्या चांदण्या, एकीच्या हातात एकीचा हात.
कुरियनसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
“छान,” म्हणाले. “आणि कोपरा?”

कोपरा नव्हता.
माझी नक्षी चारी बाजूंनी
कागद संपला म्हणून संपत होती.

बाबा लाकडाची फळं करायचे.
लेथवर आंबा उतरला, रंग चढला, लाख चकाकली,
तरी देठ ठोकल्याशिवाय टोपलीत नाही.
बिनदेठाचा आंबा मी खेळायला उचलला की म्हणायचे,
“ठेव तो. अजून लाकूड आसा गो.”

तीन शुक्रवार कारखाना बंद आणि मी आत.
वॉचमन दर तासाला येऊन बघून जाई
की बाई रडतेय का.
मधून सुरू करून बाहेर आले, तर कडेला
चांदणी अर्धी, चावलेल्या बिस्किटासारखी.
चांदण्या लहान केल्या, तर जाळीची चाळणी झाली.
मोठ्या केल्या, तर तुरुंग.
तिसऱ्या शुक्रवारी दुपारी, डब्यातली भेंडी आंबलेली,
चिडून मी कोपऱ्यातच पहिली चांदणी ठोकली.
दुसरी समोरच्या कोपऱ्यात.
चारी कडांनी आत चालत गेले,
म्हटलं, मधलं काय ते मध्य बघून घेईल.

मध्याने बघितलं नाही.
तिथे एक वेडंवाकडं भोक उरलं, मुठीएवढं.
मोफिजने राउटर थांबवला, भुसा पुसला,
भोकातून माझ्याकडे बघितलं.
“राहू दे,” म्हणाला, “हवा येईल.”

जाळी उभी राहिली त्या दिवशी
एक मूल खोकता खोकता उठलं
आणि भोकाला डोळा लावून उभं राहिलं.
पलीकडे तसं काही नव्हतं,
पाण्याचा कूलर आणि एक कुंडी.
ते बराच वेळ तिथेच होतं.

नकाशाच्या चौकटीत आता लिहिलंय:
चारुलता धामापूरकर.
टाइप करताना एक वेलांटी चुकली होती,
मी परत छापून घेतला.

पगार वाढला, रोमेलइतका नाही.
ओळखपत्रावर हुद्दा बदलायचा म्हणून
खल्फान अर्ज घेऊन आला.
आधी होतं ‘रस्साम’, चित्रं काढणारी.
आता ‘मुसम्मिम’.
“या शब्दाचे दोन अर्थ,” तो म्हणाला,
“एक, घाट ठरवणारा.
दुसरा, ज्याने ठरवलंय आणि जो आता हलत नाही.
कुठला लिहू?”
आणि स्वतःच हसला,
लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात म्हणून.

खण उघडला.
वही दुसरी, पान अकरा,
तीन पायांची खुर्ची.
मोफिजला विचारलं, सागाचा तुकडा उरलाय का,
एका पायापुरता.